जड पिशवी, हलकी पिशवी

मी मुळात तापट. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे, आता तुम्हालाही सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी कुणावर घसरले तर दचकू नका. आणि घसरणार तर आहेच. ही गोष्ट माझ्या मावशीची आहे, आणि जन्मभर ज्यांनी तिला 'ए' म्हणून हाक मारली त्यांच्यात माझे वडील पहिले.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. का केलं नाही विचारलं तर म्हणायची, "राहून गेलं गं, बसनं जायचं राहावं तसं." आजी-आजोबा गेल्यावर ती आमच्याकडे आली, थोडे दिवस म्हणून. ते थोडे दिवस सव्वीस वर्षं चालले. आमच्या दोन खोल्या आणि त्यांना जोडणारा एक बोळ. त्या बोळात मावशीची गादी. न्हाणीघरात जायचं तर तिला ओलांडून जावं लागायचं. बोळाला ना दार, ना खिडकी. भिंतीला एक खुंटी होती, तेवढीच तिची. आणि "तीही मी ठोकली," असं बाबा महिन्यातून एकदा तरी बोलून दाखवायचे. खुंटी ठोकायला जणू यांना पाच मिनिटं नाही, पाच वर्षं लागली होती!

मावशी चित्रपटगृहात सफाईला होती. खेळ सुटला की पुढचा खेळ लागेपर्यंत वीस मिनिटं. तेवढ्यात चारशे खुर्च्यांखालचं सगळं उचलायचं. पॉपकॉर्नचे खोके, रुमाल, एकदा तर कुणाची कवळी. बाटल्या रंगाप्रमाणे वेगळ्या कराव्या लागायच्या, कारण भंगारवाला तशाच घ्यायचा. हिरव्यांची एक पिशवी, लाल बाटल्यांची एक, पांढऱ्यांची एक. आणि बाटली त्याला रिकामी हवी असायची. म्हणजे लोकांनी अर्धवट टाकलेलं प्रत्येक पेय मावशीने मागच्या मोरीवर उभं राहून ओतायचं. बाटली उघड, उलटी कर, थांब, दुसरी घे. संध्याकाळी तिचं मनगट सुजलेलं असायचं.

"दोन घोट पिऊन टाकतात मेले," ती म्हणायची. "तहान नव्हती तर घेता कशाला?"

मग पाचएक वर्षांपूर्वी एक नवं पेय आलं. लिंबू आणि आलं घातलेलं, हिरव्या बाटलीत. कंपनी छोटी, जाहिरात नाही की काही नाही. त्या आठवड्यात मावशी घरी आली ती हसत. "अगं, हिरवी पिशवी काठोकाठ भरते आणि उचलावी तर करंगळीवर येते. थेंब नाही बाटलीत! तळापर्यंत पितात लोक. काहीजण तर आ करून, मान वर करून शेवटचा थेंब पाडून घेतात, अंधारात दिसतं मला."

मी तेव्हा 'हं हं' केलं. मला कुठे माहीत की ही बाई मोरीपाशी उभी राहून आपल्या घराचा पाया भरतेय!

आता मंडळाबद्दल सांगते. आमच्या रस्त्यावर शिंपीकाकांचं दुकान आहे. रविवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी त्यांच्या कापड कापायच्या टेबलाभोवती चारजण जमायचे. शिंपीकाका, औषधांच्या दुकानातल्या बाई, गणिताचे निवृत्त मास्तर आणि मी. मी विमा कचेरीत आहे, त्यामुळे सगळ्यांना वाटतं मला पैशातलं कळतं. आम्ही थोडे थोडे शेअर घ्यायचो आणि खूप खूप भांडायचो. मास्तरांनी एक नियम घालून दिला होता. शेअर घेताना तो का घेतला ते एका ओळीत चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी बटणांच्या डब्यात टाकायची. "भाव चढला म्हणून विकायचं नाही, पडला म्हणून विकायचं नाही," ते बोट नाचवत सांगायचे. "विकायचं कधी? चिठ्ठीतलं कारण संपलं की. डबा उघडा, चिठ्ठी वाचा, बास!"

एका रविवारी मावशी तिथे आली ती गणवेश सैल करून घ्यायला. आम्ही एका सिमेंट कंपनीवरून हमरीतुमरीवर आलो होतो. तिने पाचएक मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "त्या हिरव्या बाटलीवाल्यांचे शेअर मिळतात का हो?"

मिळत होते. सातच महिन्यांपूर्वी बाजारात आले होते आणि कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. मावशीने पोस्टात साठवलेली सगळी पुंजी काढली. सगळी! मी म्हटलं, "मावशे, निम्मे तरी ठेव." ती म्हणाली, "तू अर्धी बाटली ठेवणाऱ्यांपैकी आहेस, मी नाही." मग तिने चिठ्ठी लिहिली, घडी घातली आणि डब्यात टाकली. मास्तरांना तिचा तो ठाम चेहरा आवडला असावा, कारण त्यांनीही घेतले. मग काकांनी घेतले. मग बाईंनी. मीही घेतले.

घरी कळलं तेव्हा बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "झाडू मारणारी बाई शेअर घेणार! उद्या विमान घे, ए!" आईने त्यांना पाणी दिलं. मला वाटलं देऊ नये.

दोन वर्षांत भाव तिप्पट झाला. आणि दर रविवारी एकच विषय, विकायचे की ठेवायचे? शिंपीकाका म्हणायचे, "हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये. विका." औषधवाल्या बाई म्हणायच्या, "साखर फार आहे त्यात, सरकार एक दिवस कर लावेल. विका." आणि मास्तर म्हणायचे, "डबा!" मग सगळे मावशीकडे बघायचे.

"पिशवी हलकी आहे," मावशी म्हणायची. झालं, त्या रविवारपुरतं भांडण मिटायचं.

चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला, भाव चौपट झालेला असताना, घड्याळवाल्या आजोबांची गोष्ट निघाली. शिंपीकाकांच्या दुकानाच्या वर तिसऱ्या मजल्यावर ते राहायचे. एक खोली, स्वयंपाकघर, दोन खिडक्या. त्यांना लेकीकडे जायचं होतं कायमचं. मावशीला ते ओळखत होते, रविवारी दुपारच्या खेळाला यायचे आणि तिच्यासाठी बाटली रिकामी करून हातात द्यायचे. त्यांनी तिला वर नेऊन घर दाखवलं. मी बरोबर होते. मावशीने खिडक्या बघितल्या नाहीत, ओटा बघितला नाही. ती दारापाशीच उभी राहिली. कडी लावली, काढली. पुन्हा लावली, पुन्हा काढली.

"कडी छान लागते," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि मला रडायला येतं तेव्हा मी ओरडते, म्हणून मी आजोबांवर ओरडले, "किंमत बोला ना मग!"

किंमत होती मावशीने घातलेल्या पैशाच्या सहापट. भाव चौपटीवर. आजोबा म्हणाले, "वर्ष संपेपर्यंत थांबतो. तोवर दुसऱ्या कुणाला दाखवत नाही. त्यापुढे मात्र माझाही इलाज नाही."

आणि तिथून चार महिन्यांत सगळं फिरलं. एका बड्या कंपनीने तसंच पेय काढलं, लाल बाटलीत. रस्तोरस्ती फलक लागले, बसवर चित्रं, टीव्हीवर नाचगाणी. हिरव्या बाटलीचा भाव घसरायला लागला तो थांबेचना. चौपटीवरून अडीचपटीवर आला. रविवारी आम्ही टेबलाभोवती बसलो ते सुतकात बसल्यासारखे.

"डबा," मास्तर म्हणाले, पण या वेळी आवाज बारीक.

डबा उघडला. शिंपीकाकांची चिठ्ठी, 'मास्तरांनी घेतले म्हणून'. औषधवाल्या बाईंची, 'काकांनी घेतले म्हणून'. माझी चिठ्ठी मी हिसकावून घ्यायला गेले पण उशीर झाला. 'सगळ्यांनी घेतले म्हणून'. आणि मास्तरांची, ज्यांनी नियम केला त्या थोर मास्तरांची, 'मावशी ठाम दिसल्या म्हणून'!

"आंधळ्यांची माळका," मी म्हटलं. "वा! गणिताचे मास्तर म्हणे!"

मास्तर कान लाल करून चष्मा पुसत बसले. शेवटची चिठ्ठी मावशीची. 'बाटली तळापर्यंत पितात.'

सगळे तिच्याकडे वळले. आणि मावशी, जी इतकी वर्षं एकच वाक्य बोलत होती, ती खाली मान घालून म्हणाली, "पिशवी जड आहे. काल, परवा, दोन्ही दिवस. मला दोन्ही हातांनी उचलावी लागली. ओतता ओतता मोरी तुंबली." ती माझ्याकडे वळली. "मोबाइल काढ गं. विकून टाक. जे येतील ते येतील."

तिचा आवाज अगदी सरळ होता. पण हात पदराशी चाळा करत होते, आणि मला ती दाराची कडी आठवली. माझं डोकं भडकलं. कुणावर ते माहीत नव्हतं. लाल बाटलीवाल्यांवर, बाबांवर, सगळ्या जगावर. मी मोबाइल काढला, आकडे टाकले, आणि रागारागात बडबडत होते, "एकतर परवा तुझ्या पासवर तो भिकार सिनेमा बघायला गेले, तो नायक तासभर नुसता समुद्राकडे बघतोय, मध्यंतरालाच उठून आले मी, बाटलीसुद्धा तशीच टाकली—"

आणि मी थांबले.

"कसली बाटली?" मावशीने विचारलं.

"हिरवी," मी म्हटलं.

मग मावशी उभी राहिली. "मध्यंतराला किती जण उठले?"

"निम्मं चित्रपटगृह. माझ्या रांगेत मी शेवटची."

"अगं बाई!" मावशीने कपाळावर हात मारला. "पॉपकॉर्नचे खोके! तेही भरलेले होते गं! मी शिव्या देत देत झाडले. लाल पिशवी तर हलतही नव्हती. माझं लक्ष सगळं हिरव्याकडे. पेय वाईट नाही, सिनेमा वाईट आहे!" ती इतकी मोठ्याने हसली की वरून घड्याळवाल्या आजोबांनी खिडकीतून डोकावून बघितलं. "ठेव तो मोबाइल खाली. शुक्रवारी नवा सिनेमा लागतोय. तो बघू, मग बोलू."

शुक्रवारी ती मला पहिल्या खेळाला घेऊन गेली. बघायला नाही, झाडायला. खेळ सुटला, आम्ही रांगा उरकल्या आणि मागे मोरीपाशी दोन पिशव्या ठेवल्या, दोन्ही काठोकाठ. "उचल," ती म्हणाली. लाल पिशवी मी दोन्ही हातांनी ओढली, तरी जमिनीवरून वीतभर उठली. हिरवी उचलायला मी तेवढाच जोर लावला आणि तोल जाऊन मागे पडता पडता वाचले, इतकी ती हलकी. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती ही.

"जाहिरात बघून पहिला घोट घेतात," मावशी म्हणाली. "शेवटचा घोट जाहिरातीने जात नाही."

त्या रविवारी मंडळाने नव्या चिठ्ठ्या लिहिल्या, प्रत्येकाने हाताने झाकून, परीक्षेतल्यासारख्या. कुणीही विकलं नाही. बाबांना मात्र उकळ्या फुटत होत्या. "बुडाली ना बोट? मी सांगत होतो." मी काहीतरी बोलणार होते, पण मावशीने डोळ्यांनीच दटावलं.

पुढे काय होणार ते आधीच माहीत होतं असं लोक आता सांगतात, पण तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. लाल बाटलीचे फलक उतरले. हिरवी बाटली आणखी शहरांत गेली. भाव तिप्पट, चौपट, पाचपट. वर्ष संपायला पाच आठवडे होते तेव्हा साडेसहापट! आणि मग काय विचारता. वर्तमानपत्रात कंपनीच्या मालकाचा फोटो. कंपनीने मोठी बाटली काढली, दीडपट पेय, किंमत थोडीशीच जास्त, विक्री भडकली. शिंपीकाका, जे दर रविवारी 'विका' म्हणायचे, ते म्हणायला लागले, "दहापट होणार, लिहून घ्या." औषधवाल्या बाई साखर विसरल्या. आणि बाबा! बाबांनी सगळ्यांच्या मागून, गुपचूप, आपल्या ठेवी मोडून ते शेअर घेतले. मला कचेरीतल्या ओळखीच्या माणसाकडून कळलं. त्याच दिवशी जेवताना ते मावशीला म्हणाले, "विकू नकोस हं इतक्यात. तुला यातलं कळत नाही."

मावशीने त्यांना भाजी वाढली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने मला पुन्हा मोरीपाशी बोलावलं. सिनेमा तुफान चालला होता, लोक शिट्ट्या मारत बाहेर पडत होते. पॉपकॉर्नचे खोके तिने आधी दाखवले. सगळे रिकामे, मीठसुद्धा चाटलेलं. मग हिरवी पिशवी. "उचल."

मी उचलायला गेले. दोन्ही हात लागले.

"मोठी बाटली," मावशी म्हणाली. "घेतात सगळे, स्वस्त पडते म्हणून. पण माणसाचं पोट तेवढंच आहे. तिसरा हिस्सा राहतो. आठवडाभर बघतेय, रोज. राहिलेलं कोमट होतं, ते त्यांना शेवटी लक्षात राहतं. पुढच्या वेळी मोठी घेणार नाहीत, आणि छोटी आता मिळत नाही." तिने हात पुसले. "चिठ्ठीतलं कारण संपलं."

रविवारी तिने हे टेबलावर सांगितलं, तर एकच गदारोळ. शिंपीकाका कात्री आपटून म्हणाले, "मावशी, विक्री दीडपट झालीय!" मास्तर कागदावर आलेख काढून दाखवायला लागले. औषधवाल्या बाईंनी तर तिचा हात धरला. "घराइतके काढा, बाकी राहू द्या."

"नाही," मावशी म्हणाली. "मी अर्धी बाटली ठेवत नाही."

आणि तिने स्वतः, माझा मोबाइल हातात घेऊन, तिच्या त्या सुजलेल्या मनगटाच्या हाताने, सगळे विकले. मीही विकले. या वेळी चिठ्ठीवर माझं स्वतःचं कारण होतं. मी पिशवी उचलली होती.

दोन आठवडे भाव आणखी चढला. सातपटीवर गेला. बाबा घरात शीळ घालत फिरत होते. "घाई नडली एकेकाला," ते भिंतीकडे बघून म्हणायचे. मावशी तेव्हा आजोबांचं घर घेऊन आपल्या सामानाची बांधाबांध करत होती. दोन ट्रंका आणि एक गादी, वेळ लागला नाही. निघताना तिने भिंतीतली खुंटी काढली, चिमट्याने, व्यवस्थित, आणि बाबांसमोर टेबलावर ठेवली. "दाजी, ही तुमची," ती म्हणाली. एवढंच. सव्वीस वर्षांत मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

नव्या वर्षात कंपनीचे आकडे आले आणि भाव जो कोसळला तो तिपटीच्याही खाली. मास्तर चौपटीवर बाहेर पडले. आता ते दर रविवारी मावशीला वाकून नमस्कार करतात आणि म्हणतात, "मी चाळीस वर्षं मुलांना चुकीचं गणित शिकवलं." काका आणि बाईंनाही चार पैसे सुटले. बाबांनी मात्र वर चढलेल्या भावात घेतले होते. निम्म्याहून जास्त गेले. ते कुणाला बोलले नाहीत. आम्हीही विचारलं नाही. मी तापट आहे, दुष्ट नाही.

एका रविवारी दुपारी मी मावशीच्या घरी होते. खिडक्या उघड्या, खाली काकांच्या यंत्राचा आवाज. मावशीने सफाईचं काम सोडलं होतं, पण शनिवारी ती तिकीट काढून सिनेमाला जाते. बाटली घेते, छोटी मिळाली तरच, आणि रिकामी करून नव्या सफाईवालीच्या हातात देते. तेच मला सांगत होती, तेवढ्यात दारावर थाप पडली.

मी उठायला लागले. मावशीने हाताने मला बसवलं. ती दाराकडे गेली, पण कडीला हात लावला नाही.

"कोण आहे?" तिने विचारलं.

मी ते दोन शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. बोळात झोपणाऱ्या माणसाला कोण आहे ते विचारायचा प्रश्नच येत नाही.

"कोण आहे?" तिने पुन्हा विचारलं, आणि मी बघितलं तर ती हसत होती, अगदी लहान मुलीसारखी.

बाहेरून बाबांनी घसा खाकरला. मग त्यांचा आवाज आला, मी कधी ऐकला नव्हता असा.

"मी आहे, ताई. आत येऊ का?"

मावशीने कडी काढली.